डावखुरे वेढे

रुस्तावीच्या बाजारात गुराम टेप निवडतो
ती कानाने.
मोतीबिंदू पिकलाय, रंग सगळे धुक्यातले.
दुकानदार रीळ पुढे करतो, हा वीतभर ओढून बघतो.
काळी प्लॅस्टिकची गप्प येते, लांबत, लांबत.
"गोडबोली आहे," म्हणतो, "ठेव खाली."
कापडी टेप टर्रकन ओरडते.
"ही घे. भांडेल, पण सोडून जायची नाही."

मी आता त्याची शिकाऊ नाही. अकरा वर्षं झाली.
तरी पिशवी मीच धरते.

इंजिनाशेजारी जाड विणीची, जी दीडशे अंशांत
घाम फुटला तरी हूं की चूं करत नाही.
डॅशबोर्डमागे लवदार,
म्हणजे खड्ड्यातून जाताना वायर कुरकुरत नाही
आणि गिऱ्हाईक आठ दिवसांनी "काहीतरी वाजतंय" म्हणत येत नाही.
सिलिकॉनची एक असते. तिला डिंकच नाही,
ती फक्त स्वतःला चिकटते.
"अशी माणसंही असतात," दुकानदार डोळा मारतो.
गुराम हसत नाही.
पाणी शिरतं तिथे तीच लागते.

मार्चमध्ये अवतांदिल आला. त्याची राखाडी गाडी
अमेरिकेतल्या कुठल्याशा पुरात बुडून
जहाजातून इकडे स्वस्तात आलेली,
इथल्या निम्म्या गाड्यांसारखी.
डावा इंडिकेटर लावला की वायपर हलत होते.
"पाऊस नाही, पाणी नाही," तो म्हणाला,
"वळायचं म्हटलं की काच पुसते.
बायको हसते मला."

मी पायाखालचा गालिचा उचलला, जुडगा बाहेर ओढला.
टेपचा डिंक पाझरून काकवी झालेली.
त्यात वाळू, केस, एक मेलेली मधमाशी.
आमच्याकडे अक्रोडांची माळ द्राक्षाच्या रसात बुडवून
उन्हाला टांगतात, वाळली की पोरं चावून खातात.
तशीच दिसत होती ती वायर,
फक्त कुणी खाल्ली नसती.
सोलली तर आत तांबं हिरवं,
जुन्या घंटेसारखं.

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" अवतांदिल म्हणाला.

मी वेढे उलगडत होते
आणि ते उलगडत होते उलटे.
सगळं जग ज्या बाजूने गुंडाळतं
त्याच्या विरुद्ध.
या बाजारात डाव्या हाताने काम करणारी
एकच बाई आहे.

तीन वर्षांपूर्वीची जानेवारी. वीज गेलेली,
बोटं पकडीला चिकटत होती,
कापडी टेप संपलेली आणि कोपऱ्यावरच्या टपरीत
दोन लारीला हे काळं रीळ.
गिऱ्हाईक बाहेर हॉर्न वाजवत होतं. हाच माणूस.
त्यालाही आठवत नव्हतं.

गुरामने हात पुढे केला. अंगठा फिरवला
उरलेल्या दोन वेढ्यांवरून.
काही बोलला नाही. रेडिओ बंद केला फक्त.

"मीच," मी म्हटलं.

अवतांदिलने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुरामकडे,
मग उगीचच टायरला लाथ मारली.

हिरवं तांबं कापत गेले, लाल लागेपर्यंत.
चार बोटं वायर गेली. नवा तुकडा जोडला,
वर नळी चढवली, ऊब देऊन आवळली.
स्पिरिटने काकवी पुसायलाच तास गेला.
मग कापडी टेप, प्रत्येक वेढा मागच्याच्या निम्म्यावर.
शेवटचा वेढा ताणायचा नाही.
नुसता ठेवायचा, झोपलेल्या पोराचा हात
अंगावरून बाजूला ठेवतो तसा.
ताणला तर तो मागे सरकतो,
उन्हाळा आला की टोक सुटतं.
हे मला तेव्हाही माहीत होतं.

पैसे घेतले नाहीत. तरी अवतांदिलने
टेपचे तेवढे सीटवर ठेवले, मोजून, सुट्टे.
डावीकडे वळला. काच जागची हलली नाही.

गुरामने मला त्या काळ्या रिळाचं उरलेलं शोधायला लावलं.
खणात तळाशी होतं, धुळीने माखलेलं.
त्याने वीतभर ओढलं, कानाशी धरलं.
"काहीच म्हणत नाही," म्हणाला
आणि रीळ परत माझ्या हातात दिलं.
डाव्या.